वाटण्या झाल्या, मळे राहिले

दरवर्षी, सामान्यतः नोव्हेंबरच्या तिसऱ्या रविवारी, फ्रान्सच्या पूर्व भागातील बोन या छोट्या शहरात एक पावणी होते. आपल्या देवळांतून उत्सवानंतर फळाफुलांची पावणी होते, तशीच ही धर्मादाय पावणी. मात्र येथे बोली लागते ती ओकच्या लाकडाच्या पिंपांवर. प्रत्येक पिंपात २२८ लिटर वाइन असते, आणि तीही दोन-अडीच महिन्यांपूर्वी खुडलेल्या द्राक्षांची, अजून पुरती न मुरलेली. १८५९ पासून चालत आलेल्या या प्रथेतून मिळणारा पैसा रुग्णालयाला जातो. ते रुग्णालय बर्गंडीच्या ड्यूकचा मुख्य कारभारी निकोला रोलँ आणि त्याची पत्नी गिगोन द सालँ यांनी १४४३ साली गोरगरिबांसाठी स्थापन केले. आपल्याकडे देवस्थानांना जमिनी लावून देत, तसे तेथील भाविकांनी पिढ्यान्‌पिढ्या या रुग्णालयाला द्राक्षमळे दिले. आज सुमारे साठ हेक्टरांचे मळे त्याच्या मालकीचे आहेत. १९७१ साली रुग्ण आधुनिक इमारतीत हलविण्यात आले. रंगीत कौलांची जुनी वास्तू आता प्रवाशांसाठी उघडी असते. पावणी मात्र थांबलेली नाही.

त्या दिवशी जगभरातले व्यापारी बोनमध्ये जमतात, आकडे वर्तमानपत्रांतून झळकतात आणि बर्गंडी म्हणजे श्रीमंतांच्या मेजावरील चैन, एवढीच समजूत दूरच्या वाचकाच्या मनात दृढ होते. ही समजूत अर्धवट आहे. त्या बाटलीमागे जे घर आहे, त्या घरामागे जो जमिनीचा तुकडा आहे आणि त्या तुकड्यामागे जो कायदा आहे, त्याचा विचार करण्यासाठी हा अग्रलेख आहे. मद्याची महती गाण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. दारूने धुळीस मिळालेली घरे पाहावयास कोणालाही फार लांब जावे लागत नाही, आणि खुद्द फ्रान्सनेही १९९१ साली कायदा करून मद्याच्या जाहिरातींवर कडक निर्बंध घातलेले आहेत. आमचा प्रश्न निराळा आहे. जमिनीच्या वाटण्या होतच राहिल्या, तर जमीन कसणारे घर टिकते कसे?

प्रथम तो प्रदेश डोळ्यांपुढे आणला पाहिजे. दिजाँ शहरापासून दक्षिणेकडे पन्नास-साठ किलोमीटर लांबीची एक उतरण पसरलेली आहे. रुंदी अशी की काही ठिकाणी ती पायी ओलांडावयास दहा मिनिटेही लागू नयेत. तोंड पूर्वेला, म्हणजे सकाळचे ऊन थेट वेलींवर. जमिनीखाली चुनखडी आणि चिकणमाती यांचे थर, आणि तेही हातभर अंतरावर बदलणारे. या उतरणीवर लाल वाइनसाठी पिनो न्वार आणि पांढऱ्या वाइनसाठी शार्दोने, अशी मुख्यतः दोनच जातींची द्राक्षे लावतात. ही निवडही काल-परवाची नाही. १३९५ साली ड्यूक फिलिप याने गामे नावाची भरघोस पण हलक्या प्रतीचे फळ देणारी जात उपटून टाकण्याचा हुकूम काढला होता.

तेथील लोकांनी या उतरणीच्या प्रत्येक तुकड्याला नाव दिले आहे. अशा नाव असलेल्या तुकड्याला ते ‘क्लिमा’ म्हणतात. २०१५ साली युनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीत बर्गंडीचे हे क्लिमा समाविष्ट केले, तेव्हा त्यांची संख्या १,२४७ मोजण्यात आली. आपल्या गावांतही प्रत्येक शेताला, खाजणाला, भाटाला नाव असते आणि म्हाताऱ्या माणसांना ती सर्व तोंडपाठ असतात. फरक एवढाच की तेथे ते नाव म्हाताऱ्यांबरोबर मसणात गेले नाही; ते कायद्याच्या पुस्तकात चढले. उतरणीच्या पायथ्याशी साधी प्रादेशिक वाइन, थोडे वर गावाच्या नावाची, त्याहून निवडक मळ्यांची ‘प्रथम’ दर्जाची आणि सर्वांच्या वर ‘थोर’ दर्जाची, अशी चार पायऱ्यांची प्रतवारी आहे. थोर दर्जाचे मळे अवघे ३३. गावांना या नावांचे इतके अप्रूप की जेव्हरे गावाने १८४७ साली आपल्याच शिवारातल्या शांबेर्तँ या मळ्याचे नाव स्वतःच्या नावाला जोडून घेतले आणि ते जेव्हरे-शांबेर्तँ झाले. शांबोल आणि पुलिन्यी यांनीही पुढे तोच मार्ग धरला. शेताला गावाच्या नावाने ओळखतात, हे सर्वत्रच दिसते. गावाने शेताचे नाव लावावे, हे बर्गंडीतच.

या मळ्यांची घडण मठांतील साधूंनी केली. १०९८ साली स्थापन झालेल्या सितो येथील मठाच्या साधूंनी बाराव्या शतकापासून वूजो येथे जमिनी मिळवल्या, वेली लावल्या आणि पुढे सभोवार दगडी भिंत घातली. तोच प्रख्यात ‘क्लो द वूजो’. क्रांती झाली, चर्चची मालमत्ता राष्ट्राच्या मालकीची ठरली आणि हे मळे विकले गेले. पाठोपाठ १८०४ साली नेपोलियनची दिवाणी संहिता आली. थोरल्या मुलालाच सर्व इस्टेट देण्याची सरंजामी चाल मोडून तिने सर्व मुलांना सारखा वाटा दिला. बापाला आपल्या मर्जीने द्यावयाची मोकळीकही मर्यादित ठेवली. एक मूल असेल तर निम्मी इस्टेट, दोन असतील तर दोन तृतीयांश, तीन वा अधिक असतील तर तीन चतुर्थांश ही त्यांच्यासाठी राखीव. समतेच्या दृष्टीने यात वावगे काय आहे? काहीच नाही. परंतु समतेलाही किंमत मोजावी लागते, आणि ती या उतरणीने मोजली.

वूजोचा मळा सुमारे पन्नास हेक्टरांचा. शेकडो वर्षे एकसंध राहिलेला हा मळा १८८९ साली फुटला. आज त्याच भिंतीच्या आत सुमारे ऐंशी मालक आहेत. कोणाच्या वाट्याला काही ओळी, कोणाच्या वाट्याला कोपरा. जुन्या मोजणीत तेथे ‘उव्हरे’ नावाचे माप आहे. एका माणसाने एका दिवसात कसावयाची जमीन म्हणजे एक उव्हरे. आजच्या हिशेबाने ४२८ चौरस मीटर. आजही बागाईतदार एकमेकांना आपली मालकी याच मापात सांगतात. एखाद्या घराण्याला थोर दर्जाच्या मळ्यात इतका लहान हिस्सा मिळालेला असतो की वर्षाला एकच पिंप भरते; म्हणजे बाटल्या फार तर तीनशे. शेजारी त्याच मळ्यात दुसऱ्याचे एक पिंप, पलीकडे तिसऱ्याचे. माती एक, ऊन एक, नाव एक; हात मात्र निराळे.

घराण्यांची नावेही वाटण्यांचा इतिहास सांगतात. व्होन-रोमाने गावात ग्रो या एकाच घराण्याच्या चार स्वतंत्र पाट्या आहेत. भाऊ-बहिणी आणि चुलत भावंडे यांच्या त्या चार वाटण्या. शासान्य-माँराशे येथे गान्यार घराण्यातील मुलींचे हिस्से जावयांच्या घरांत गेले, आणि ब्लँ-गान्यार, फाँतेन-गान्यार अशी जोडनावे बाटल्यांवर आली. जावयाने सासऱ्याचे नाव अभिमानाने लावावे, हा चमत्कार तेथे जमिनीच्या तुकड्यामुळे घडतो. मुलींना वाटा कायद्याने मिळाला तरी कारभार बहुतेक मुलांच्या हाती राहत असे. ती चालही आता पुष्कळशी मागे पडली आहे. पुलिन्यी-माँराशे येथील आन-क्लोद लफ्लेव्ह यांनी १९९० च्या दशकात आपल्या घराण्याचे सारे मळे रासायनिक खते आणि फवारे यांपासून मुक्त करण्याचे धाडस दाखविले. २०१५ साली त्या निवर्तल्या, तेव्हा त्यांचे अनुकरण करणारी घराणी साऱ्या उतरणीवर पसरलेली होती.

आता कोणी म्हणेल, इतके तुकडे पडल्यावर ही घराणी केव्हाच नामशेष व्हावयास हवी होती. खरे आहे. ती होण्याच्या बेतातच होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतून आलेल्या फिलॉक्सेरा या कीटकाने युरोपभर वेलींची मुळे खाल्ली. अमेरिकन मुळांवर फ्रेंच वेलीचे कलम बांधावे, हा उपाय सापडेपर्यंत कित्येक बागाईतदार बुडाले. जे उरले ते व्यापाऱ्याच्या मुठीत गेले. छोट्या मालकाजवळ ना मोठी तळघरे, ना बाटल्या, ना गिऱ्हाईक. तो आपली वाइन पिंपातूनच बोनच्या किंवा न्वीच्या व्यापाऱ्याला विकी. सगळेच व्यापारी लबाड होते असे नव्हे. पण त्यांच्यापैकी पुष्कळजण दक्षिण फ्रान्समधली, अगदी अल्जीरियातलीही, भडक स्वस्त वाइन तीत मिसळीत आणि प्रख्यात मळ्याचे नाव लावून विकीत. घाम एकाचा, नाव दुसऱ्याचे आणि नफा तिसऱ्याचा, असा तो व्यवहार होता. शेतमालाच्या व्यापाराची ही रीत आमच्या वाचकांना नवीन वाटू नये.

या अन्यायाविरुद्ध उठाव केला तो बागाईतदारांनीच. १९२० आणि १९३० च्या दशकांत व्होलने येथील मार्की दांजरव्हील आणि न्वी-साँ-जॉर्ज येथील आँरी गूज यांनी खोट्या नावांविरुद्ध न्यायालयांत आणि संघटनांत झुंज दिली. व्यापाऱ्यांनी त्यांचा माल घेण्याचे बंद केले. तेव्हा या मंडळींनी आणि जेव्हरेच्या आरमाँ रूसो यांसारख्या त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्याच तळघरात आपल्याच नावाने बाटल्या भरावयास सुरुवात केली. आज बर्गंडीत घरोघर दिसणारी ‘घराण्यातच भरलेली’ ही अक्षरे त्या बहिष्काराचे फळ आहेत. एका परीने तो स्वदेशीचाच प्रयोग म्हणावा लागेल. सत्तेशी असहकार करता येतो, तसा बाजाराशीही करता येतो. मात्र त्यासाठी काही वर्षे तोटा सोसण्याची तयारी असावी लागते.

सरकारलाही अखेर जाग आली. लबाडीविरुद्ध १९०५ साली, उगमस्थानाच्या नावांविषयी १९१९ साली असे कायदे होत होत ३० जुलै १९३५ रोजी उगमनामांची राष्ट्रीय समिती अस्तित्वात आली, आणि १९३६ पासून एकेका मळ्याचे नियम बांधले गेले. शांबेर्तँ हे नाव लावावयाचे तर द्राक्षे त्याच हद्दीतली हवीत. जात ठरलेली, छाटणीची पद्धत ठरलेली, हेक्टरी उत्पन्नाची कमाल मर्यादा ठरलेली. या व्यवस्थेचे मर्म एका वाक्यात सांगता येईल. नाव माणसाचे नाही, कंपनीचे नाही. नाव जमिनीचे आहे. मालक बदलला म्हणून ते बदलत नाही आणि दुसऱ्या जमिनीवर ते नेता येत नाही. लाख रुपये ओतणाऱ्यालाही शांबेर्तँ दुसरीकडे पिकवता येत नाही, आणि चार ओळींचा धनी असलेल्या गरिबालाही ते नाव लावण्याचा तेवढाच हक्क आहे. लहानाला मोठ्याच्या रांगेत बसविणारी याहून प्रभावी युक्ती आमच्या पाहण्यात नाही.

पण नावाचे रक्षण झाले तरी जमिनीचे काय? त्यासाठी फ्रान्सने आणखी तीन खांब उभे केले. पहिला कूळकायद्याचा. १९४६ च्या कायद्याने कुळाला किमान नऊ वर्षांचा करार, त्याचे नूतनीकरण आणि जमीन विकावयाची झाल्यास ती प्रथम विकत घेण्याचा हक्क दिला. बर्गंडीत आपल्याकडच्या अर्धेलीसारखी ‘मेतायाज’ ही पद्धतही आजतागायत टिकून आहे. मालकाला पिकाचा ठरलेला हिस्सा, बाकीचा कसणाऱ्याचा. कित्येक नामांकित घराण्यांनी ज्या मळ्यांवर कीर्ती मिळविली, ते मळे त्यांचे स्वतःचे नव्हतेच. दुसरा खांब १९६० चा. ‘साफेर’ या नावाच्या प्रादेशिक संस्था त्या वर्षीच्या शेती कायद्याने निघाल्या. शेतजमिनीच्या विक्रीची वर्दी प्रथम त्यांना द्यावी लागते. आणि पुढे दिलेल्या अधिकाराने त्या ती जमीन मध्येच स्वतः घेऊन एखाद्या तरुण शेतकऱ्याला देऊ शकतात. तिसरा खांब १९७० चा. भावंडांनी जमीन कापून घेण्याऐवजी एक कौटुंबिक मंडळ करावे, जमीन मंडळाची ठेवावी, प्रत्येकाने भाग घ्यावेत आणि जो प्रत्यक्ष कसतो त्याला ती दीर्घ मुदतीने लावून द्यावी, अशी सोय त्या कायद्याने केली. वाटणी झाली ती कागदावर. वेलींच्या ओळी एकाच हातात राहिल्या.

नेपोलियनच्या कायद्याने जे कापले, ते या तीन कायद्यांनी शिवले. बर्गंडीच्या घराण्यांची परंपरा, निष्ठा, मातीवरचे प्रेम यांची कौतुके पुष्कळ ऐकू येतात. ती खोटी नाहीत. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत एकेका वेलीची छाटणी, वसंतात कोंबांची निवड, सप्टेंबरात तोडणी, मग तळघरातली जागरणे, हे कष्ट प्रेमावाचून होत नाहीत. परंतु नुसत्या प्रेमाने जमीन राहत नाही. प्रेमाच्या पाठीशी कायदा उभा असावा लागतो.

आणि तरीही, आज या उतरणीवर चिंतेचे ढग आहेत. संकट अपयशातून आलेले नाही, ते यशातून आले आहे. व्होन-रोमाने येथील रोमाने-काँती हा मळा अवघा १.८ हेक्टरांचा. त्याच्या १९४५ सालच्या एका बाटलीला २०१८ साली न्यूयॉर्कच्या लिलावात ५,५८,००० डॉलर मिळाले. बाटलीची अशी किंमत झाली म्हणजे जमिनीची काय होणार? थोर दर्जाच्या मळ्यांचा सरासरी भाव आज हेक्टरी साठ लाख युरोंच्या वर गेला आहे. आता असे समजा की बागाईतदार वारला आणि मागे तीन मुले राहिली. एक शेतात राबतो, एक पॅरिसमध्ये शिक्षिका आहे, एक परदेशी आहे. शेतात राबणाऱ्याने इतर दोघांचे हिस्से घ्यावयाचे ते बाजारभावाने. शिवाय वारसा-कर त्याच भावावर, वरच्या टप्प्यात शेकडा ४५ पर्यंत. दीर्घ मुदतीने लावलेल्या जमिनीला सवलत आहे; पण भाव आभाळाला भिडल्यावर सवलत पुरते कुठे? वाइन विकून येणारे उत्पन्न आणि जमिनीची कागदी किंमत यांचा मेळच राहिलेला नाही. कागदावर कोट्यधीश असलेला माणूस कर भरण्यासाठी बापाचे शेत विकावयास निघतो.

घेणारे तयारच आहेत. क्लो द तार हा मळा ११४१ पासून ओळखला जातो आणि जवळजवळ नऊ शतकांत त्याला चारच मालक झाले: जोगिणींचा मठ, क्रांतीनंतर एक घराणे, १९३२ पासून दुसरे घराणे, आणि २०१७ साली चैनीच्या वस्तूंच्या व्यापारातील पिनो या धनाढ्य कुटुंबाची कंपनी. लगतचा क्लो दे लांब्रे हा मळा २०१४ साली तसल्याच दुसऱ्या महाकाय समूहाने घेतला. त्याआधी २०१२ साली जेव्हरे-शांबेर्तँचा जुना गढीवजा वाडा, भोवतालच्या दोन हेक्टर वेलींसह, मकावच्या एका कॅसिनो-व्यावसायिकाने सुमारे ऐंशी लाख युरोंना विकत घेतला, तेव्हा गावच्या बागाईतदारांत संतापाची लाट उसळली. त्यांनीही पैसे जमवून बोली लावली होती. ती अपुरी पडली.

येथे न्यायाने दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. त्या वाड्याची पडझड नव्या मालकाने दुरुस्त करून घेतली आणि वेली कसण्यासाठी गावच्याच रूसो घराण्याकडे सोपविल्या. मोठ्या भांडवलाने विकत घेतलेले मळे ओसाड पडलेले नाहीत. विकणाऱ्यालाही दोष देता येत नाही. तीन भावंडांत भांडण होण्यापेक्षा पैसा बरा, असे कोणाला वाटले तर त्याला आपण काय सांगणार? आणि ‘घराणे’ या शब्दाचे नको तितके सोवळे माजविण्याचेही कारण नाही. तोडणीच्या दिवसांत उन्हात वाकणारी पाठ पुष्कळदा बाहेरच्या मजुराची असते आणि तिचे नाव बाटलीवर येत नाही. तरीही आम्ही म्हणू की काहीतरी मोलाचे निसटत आहे. ज्याला ऐपत आहे तोच मालक, हे एकदा रूढ झाले की गावातल्या तरुणाला आपल्याच शिवारात चाकरी करण्यावाचून दुसरी वाट राहत नाही. फ्रान्सच्या संसदेलाही हे जाणवले. जमीन न विकता जमिनीच्या कंपनीचे भाग विकून साफेरच्या डोळ्यांत धूळ फेकण्याची जी पळवाट होती, ती आवळण्यासाठी २०२१ च्या डिसेंबरात नवा कायदा करण्यात आला. उशीर झाला की काय, हे पुढची पिढी सांगेल.

भरीस भर निसर्गाची. बोन शहराकडे १३५४ पासूनच्या द्राक्षतोडणीच्या नोंदी आहेत. त्यांचा अभ्यास करणाऱ्या संशोधकांनी २०१९ साली दाखवून दिले की १९८८ पासून तोडणी पूर्वीच्या सरासरीपेक्षा सुमारे तेरा दिवस आधी होऊ लागली आहे. ऊन लवकर येते, कोंब लवकर फुटतात आणि मग २०२१ च्या एप्रिलप्रमाणे एखाद्या रात्रीचे दहिवर सारे जाळून जाते. वेलींच्या ओळींमधून हजारो मेणबत्त्या पेटवून बागाईतदार त्या रात्री जागे होते. दिवाळीसारखे दिसणारे ते दृश्य वस्तुतः आकांताचे होते.

आता शेवटचा प्रश्न. इतक्या दूरच्या उतरणीची चिंता गोव्याने का वाहावी? कारण तिची आणि आपली नाळ एका ठिकाणी जुळलेली आहे. पोर्तुगालची १८६७ ची दिवाणी संहिता नेपोलियनच्या संहितेच्या छायेत वाढली. १८७० पासून ती गोव्यात लागू झाली. मुक्तीनंतरही तिचा कुटुंब आणि वारसा यांविषयीचा भाग टिकला, आणि २०१२ च्या गोव्याच्या वारसा कायद्यानेही निम्मी इस्टेट मुलांसाठी राखीव ठेवण्याचे आणि मुलगा-मुलगी असा भेद न करण्याचे तत्त्व कायम ठेवले. या समतेचा आम्हांला अभिमान आहे. बर्गंडीला कापणारी कात्री आणि आपल्याला कापणारी कात्री एकाच लोहाराची. मात्र तेथे कात्रीबरोबर सुईदोराही दिला गेला. येथे तो देण्याचे कोणाला सुचले नाही. म्हणून आपल्याकडे इन्व्हेंटरीचे दावे पिढीजात चालतात, एका घराच्या कागदावर चाळीस नावे चढतात, कुलूप गंजते, कौले ढासळतात. आणि एक दिवस भाटाला कुंपण पडते आणि आत भूखंडांचे खांब उभे राहतात.

२०२३ साली विधानसभेने भातशेतीची जमीन बिगर-शेतकऱ्याला विकण्यावर निर्बंध घातले, हे योग्यच झाले. पण निर्बंध म्हणजे केवळ ‘नको’ म्हणणे. साफेर नकार देऊन थांबत नाही. ती जमीन उचलते आणि कसणाऱ्याच्या हाती देते. तशी संस्था येथे का नसावी? भावंडांनी भाट न तोडता त्याचे भाग वाटून घ्यावेत आणि राबणाऱ्याला ते दीर्घ मुदतीने लावून द्यावे, याला कायद्याचा सोपा आधार का नसावा? नावाचेही तसेच. काजूच्या फेणीला २००९ साली भौगोलिक उपदर्शनाची नोंदणी मिळाली, २०१६ साली तिला राज्याच्या वारशाचा मान मिळाला. कागदावर सन्मान झाला. परंतु कोणत्या गावच्या डोंगरावरच्या काजूची, कोणत्या भाटीवरची फेणी, हे सांगण्याची आणि सांगितलेले तपासण्याची व्यवस्था नसेल तर त्या सन्मानाचा लाभ भाटी लावणाऱ्याला न होता बाटलीवर चित्र छापणाऱ्यालाच होणार. दांजरव्हील आणि गूज यांनी जी लढाई लढली, ती हीच. आंबा असो, मिरची असो, काजू असो; जिनसाचे नाव ज्या मातीचे, त्या मातीत राबणाऱ्याला ते विकण्याचा पहिला हक्क हवा.

बर्गंडीची नक्कल करावी असे आम्ही म्हणत नाही. तेथील माती निराळी, पैसा निराळा, आणि तेथेही अखेरची बाजी पैसाच मारणार की काय, अशी धास्ती आहे. पण निदान त्या लोकांनी शंभर वर्षे झुंज दिली. वारसाहक्काच्या समतेला धक्का न लावता जमीन आणि घर यांची फारकत रोखता येते, हे त्यांनी प्रत्यक्ष करून दाखविले. आपण झुंजीला अजून उभेच राहिलो नाही. वाटणीचा कायदा आपल्याला वारशाने मिळाला. जोडणीचा कायदा आपला आपणच करावा लागेल. तो होईपर्यंत दरवर्षी आणखी काही शेतांची नावे विस्मरणात जातील, आणि ती सांगणारे म्हातारे आता फार उरलेले नाहीत.